फाटकावरची झडती

गिरणी चालू असताना मोठ्यानं बोलायची आमच्या घरात सगळ्यांना सवय होती. भात भरडायच्या हलरची घरघर मधल्या भिंतीतून आत यायची, आणि तिच्यावर आवाज चढवल्याशिवाय मीठ मागितलेलंही कुणाला ऐकू जायचं नाही. त्या दिवशी गिरणी बंद होती, पण सवय काही बंद झाली नव्हती. त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतरच्या त्या सकाळी आमच्या घरात जे बोलणं झालं, ते भोरच्या आमच्या आख्ख्या आळीनं घरबसल्या ऐकलं.

"बायका आत येत नाहीत म्हणजे काय?" मानसिंग विचारत होता. "फाटक उघडं आहे."

"उघडं हाय ते त्यांनाबी दिसतंय," नाना म्हणाले. "त्यातनं भाईर पडताना काय हुतंय, तेबी त्यांनी काल बघितलं."

नाना, आमचे वडील, ओट्यावर पोत्याची घडी अंगाखाली घेऊन बसले होते. तिथून गिरणीचं फाटक समोर दिसायचं. फाटकाबाहेर चिंचेखाली आमच्या पाखडणाऱ्या बाया बसल्या होत्या. सुपं त्यांनी मांडीवर उपडी घातली होती. बनाबाई मध्ये, तिच्याशेजारी ठकुबाई, मागे बाकीच्या. भांडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. एसटीची वाट पाहत बसावं तशा बसल्या होत्या. पलीकडे वेल्ह्याकडच्या दोन बैलगाड्या भाताची पोती घेऊन सोडलेल्या होत्या, आणि एका गाडीचा मालक गेनबा बैलांपुढे पेंढी टाकत आमच्या ओट्याकडे कान लावून होता.

ते सत्तर साल. त्या दिवाळीत मानसिंग, माझा पाठचा भाऊ, पिंपरीच्या एका कारखान्यातली नोकरी सोडून कायमचा घरी आला होता. नानांचे गुडघे गेले होते. थोरला बाजीरावदादा बाजारपेठेतलं तांदळाचं दुकान सांभाळत होता, त्याला गिरणीकडे बघायला सवड नव्हती. तेव्हा गिरणी मानसिंगनं बघायची असं ठरलं. मी सारोळ्याहून दिवाळीला माहेरी आले ती तुळशीचं लग्न होईपर्यंत राहिले, म्हणून हे सगळं माझ्यापुढे घडलं. जे पुढ्यात घडलं नाही ते ज्यानं त्यानं मला पुढे कधीतरी सांगितलं. आमच्या घरात गोष्टी लपवत नसत, उशिरा सांगत.

मानसिंगनं आल्याबरोबर गिरणीला एक पाटी लावली होती. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. सचोटी. शिस्त. वेळेची किंमत. नियम सर्वांना सारखा. पेंटर नसरापूरचा होता. नाना पाटीखाली मान वर करून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अक्षार झ्याक हाय." मानसिंगला ते कौतुक वाटलं.

त्याच आठवड्यात पालीच्या रखमाजींनी भर बाजारात तक्रार केली. त्यांचा आंबेमोहर भरडून आला तो कमी आला. भरडताना घट येतेच, पण एवढी येत नाही, असं त्यांचं म्हणणं. नानांनी आपल्या घरचा तांदूळ त्यांच्या पोत्यात ओतला आणि विषय मिटवला. मानसिंगच्या मते तो मिटला नव्हता.

"नाना, तुम्ही तांदूळ दिलात म्हणजे चोरी झाली हे कबूल केलंत," तो म्हणाला. "आता चोर सापडायला नको का? राजगडाखालची माणसं वाटेतलं नसरापूर ओलांडून आपल्याकडे भात आणतात. नसरापुरात हायवेजवळ नवी गिरणी झाली आहे. तरी आपल्याकडे येतात ती कशावर? नावावर. ते गेलं तर काय उरलं?"

त्याचं चुकत नव्हतं. म्हणूनच त्याला कुणी अडवलं नाही. सगळ्या कारखान्यांत करतात तशी संध्याकाळी सुटताना फाटकावर झडती घ्यायची, असं त्यानं ठरवलं. बायांची झडती पुरुषानं कशी घ्यायची? तर घरातली बाई उभी राहील. आक्कांचं, म्हणजे आमच्या आईचं, वय झालेलं. मी पाहुणी. राहिली लीलावहिनी, बाजीरावदादाची बायको. दादा म्हणाला, "उभी राहील की. तिला काय त्याचं?"

तिला काय त्याचं, ते तिला कुणी विचारलंच नव्हतं.

*

"वैनी, भाजी करपती," मी म्हणाले.

लीलावहिनी चुलीपुढे बसली होती, पण तिचं लक्ष नव्हतं. आक्का उखळाजवळ लसूण सोलत होत्या. बाहेरून पुरुषांचे आवाज येत होते. मध्येच मानसिंग 'शिस्त' म्हणाला ते स्पष्ट ऐकू आलं.

"काल काय झालं ते नीट सांग की," मी म्हणाले. "सगळे नुसते तुझ्याकडे बघतात."

वहिनीनं भाजीत पाणी घातलं. "काय व्हायचं? मी उभी राहिले. पहिली ठकुबाई आली. तिनं हात वर केले नि म्हणाली, बघा वैनी, पोटात तांदूळ हायेत का ते नका बघू, दुपारी भातच खाल्लाय. सगळ्या हसल्या. मीपण हसले. मला वाटलं, चला, निभावलं."

"मग?"

"मग बनाबाई. तिचा पदर झटकला, ओटी चाचपली, पाठीवरून हात फिरवला. ती काही बोलली नाही. माझं झाल्यावर तशीच उभी राहिली. मी म्हटलं, झालं बनाबाई, जा. तर म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, वैनी, मी हितं कामाला लागल्यापासनं तुमच्या घरातल्या कुनीबी माझ्या अंगाला हात लावला नव्हता. आज पयल्यांदा लावला. तो बी कशासाठी लावला?"

आक्कांच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली.

बनाबाई आणि ठकुबाई बौद्धवस्तीतल्या. दीक्षेनंतर त्या वस्तीनं गावकीची कामं सोडली, मेलेली जनावरं ओढणं सोडलं, तेव्हा त्यांना दुसरं काम द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. नानांनी या दोघींना गिरणीत घेतलं, आणि झाडलोटीला नाही तर थेट धान्याला, पाखडायला-निवडायला. पेठेतल्या दोन व्यापाऱ्यांनी त्यावरून कुरकुर केली. नानांनी त्यांचं भात न भरडता परत पाठवलं. ही गोष्ट आमच्या घरात पाहुण्यांना सांगायची गोष्ट होती. लग्न ठरवायला लोक आले की दादा ती हमखास सांगायचा. आमच्या गिरणीत भेदभाव नाही, असं आम्ही सगळेच म्हणत होतो आणि मनापासून म्हणत होतो.

पण बनाबाई म्हणाली तेही खरं होतं. आक्का रोज संध्याकाळी गिरणीत जायच्या आणि प्रत्येकीच्या पदरात पसाभर कणी घालायच्या. ती रीत त्यांचीच. बाया पदर पसरून उभ्या राहायच्या आणि आक्का कणी वरून सोडायच्या. वीतभर वरून. एक दाणाही बाहेर पडायचा नाही, इतका हात बसलेला. लहानपणापासून मी ते पाहत होते आणि मला वाटायचं, कणी अशीच घालतात.

"घरात आले," वहिनी चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "तर तुम्ही म्हणालात, अंगावर पाणी घेऊन ये, मग सैपाकाला लाग."

ती आक्कांकडे न बघता बोलली. सासूला एवढं बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

"गिरनीतला कोंडा हुता अंगाला," आक्का म्हणाल्या.

"कोंडा तर रोजच असतो, आत्याबाई."

सोललेला लसूण आक्कांनी पुन्हा एकदा सोलल्यासारखा केला. मग उठून माजघरात गेल्या, आणि तिथं त्या काय करत होत्या ते कळलं नाही, कारण कसलाच आवाज आला नाही.

*

बाहेर ओट्यावर तोवर बाजू बदलली होती. आदल्या संध्याकाळपर्यंत दादा मानसिंगच्या बाजूचा होता. आता तो नानांच्या शेजारी जाऊन बसला होता.

"दादा, तूच म्हणालास ना, वहिनी उभी राहील म्हणून?" मानसिंग म्हणाला.

"म्हणालो. तेव्हा मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. आता ती माझ्याशी बोलत नाही. चहा दिला तोही सरूच्या हातून पाठवला." त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"म्हणजे वहिनी बोलत नाही म्हणून गिरणीचा नियम बदलायचा?"

"तुझं लग्न होऊ दे, मग विचार हा प्रश्न."

नाना हसले नाहीत. गेनबा मात्र बैलांपाशी हसला. मग तो पुढं आला, ओट्याखाली उभा राहिला. "नाना, दुपारपातुर बघतो म्या. न्हाईतर वाटंवर नसरापूर हाईच. थितं भरडून घरला जातो. राग मानू नगा."

"राग कशाचा, गेनबा," नाना म्हणाले. "बैलांना पानी पाज. हौदावर ने."

गेनबा गेला. मानसिंगचा चेहरा उतरला होता. मला तेव्हा त्याची दया आली होती, आणि आजही येते. तो वाईट वागायला आला नव्हता. बापाचं नाव राखायला आला होता, आणि राखायची एकच तऱ्हा त्याला ठाऊक होती, ती तो जिथं शिकला तिथली.

"नाना, मी काय वेगळं केलं?" तो म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "पिंपरीला आमच्याकडे हजार माणसं. रोज सुटताना झडती. कुणाला अपमान वाटत नाही. मीही रोज हात वर करून उभा राहायचो. कंपनी अशीच चालते. तुमचं सगळं तोंडी. कोण कधी येतं, कोण काय नेतं, काही ठरलेलं नाही. सगळं तुमच्या स्वभावावर चाललंय. उद्या तुम्ही नसाल तेव्हा काय करायचं? स्वभाव काय वारसात देता येतो?"

हे मात्र नानांना लागलं. त्यांनी गुडघ्यावर हात चोळला.

"येक सांग," ते म्हणाले. "तू तिसऱ्या वर्साला का कवातरी पेढं घिऊन आलावतास. आठवतंय?"

"सुपरवायझर झालो तेव्हा."

"व्हय. पन तू आल्या आल्या काय बोलला? सुपरवायझर झालो आसं न्हाई बोलला. पायातल्या वहाना काढायच्या आदी बोलला, नाना, आजपासनं गेटवर मला कुनी चाचपत न्हाई. शिपाई सलाम ठोकतो. म्या म्हनलं, बरं झालं. आन पेढा खाल्ला."

मानसिंगनं मला पुढे सांगितलं की त्या क्षणी त्याला तो पेढा नाही, तो शिपाई आठवला. दोन वर्षं तो शिपाई त्याच्या काखेखालून, खिशांवरून, कंबरेवरून हात फिरवायचा आणि त्याच्याकडे न बघता मागच्या माणसाला 'चलो' म्हणायचा. सुपरवायझर झाल्याच्या दिवशी मानसिंग सवयीनं हात वर करून उभा राहिला. शिपायानं हात कपाळाला लावला. मानसिंगला तेव्हा वाटलं होतं, आपण आता माणसात आलो. दोन वर्षं आपण कशात होतो, हा विचार त्याला तेव्हा आला नाही. तो वडलांच्या ओट्यावर, बाहेर बायका बसलेल्या असताना आला.

तो पाटीकडे बघत होता. शेवटची ओळ वाचत होता बहुतेक.

"बंद करतो," तो म्हणाला. "आत्ता जाऊन सांगतो त्यांना. झडती बंद."

"थांब," नाना म्हणाले. "आदी मला जाऊ दे."

ते दादाच्या खांद्याचा आधार घेऊन उठले. मी मागोमाग गेले. चिंचेपर्यंतचं अंतर थोडं होतं, पण नानांच्या गुडघ्यांना ते पुरलं.

*

बाया उठून उभ्या राहिल्या. नानांनी हातानं बसायची खूण केली आणि स्वतः उलट्या घमेल्यावर बसले.

"बनाबाई, मानसिंग म्हनतोय, झडती बंद करतो."

"नगं," बनाबाई म्हणाली.

नानांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हनलीस?"

"बंद नगा करू, नाना. आता बंद केली तर गाव काय म्हनंल? बाया रुसल्या, मालकानं पदरात घेतलं. चोरी पचली. रखमाजीचा तांदूळ कुठं गेला ते मला ठावं न्हाई. आमच्यातल्या कुनी न्हेला न्हाई, हे म्या छातीवर हात ठिवून सगळ्यांचं सांगू शकत न्हाई. माजं सांगते. पन कालचा डाग हाय तो बंद करून पुसत न्हाई. तो तसाच ऱ्हातो, वरनं मेहेरबानी हुती."

"मग?" नाना म्हणाले.

"मग काय, तुमी शानी मानसं," ठकुबाई मध्ये म्हणाली. "आमाला काय पाट्या वाचता येत्यात? सरूताईनंच परवा वाचून दावली. नियम समद्यांला सारका. म्या म्हनलं, अगं बया, मंग मालकाच्या पटक्यात बी बघनार का काय."

मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बनाबाई हसली नाही.

नाना जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "बने, म्या तुला कदी येगळं वागवलं का? खरं सांग."

त्यांच्या आवाजात ते होतं जे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मागणं होतं. आयुष्यभर आपण एक चांगली गोष्ट केली, ती चांगली होती असं त्या गोष्टीतल्या माणसानं म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

बनाबाईनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. "तुमी चांगलंच वागवलं, नाना. कुनी धान्याला शिवू देत नव्हतं तवा तुमी पाटी भरून पुढ्यात ठिवली. ते मरस्तवर इसरनार न्हाई. पन लांबनं वागवलं. चांगलं वागवलं, लांबनं वागवलं. म्या कदी बोलले न्हाई. बोलायसारकं न्हवतंच काई, हात कुनी लावत नव्हतं यवढंच. कालच्याला लावला तवा कळलं, की लावता येत हुता."

चिंचेवरून वाळकी पानं नानांच्या पटक्यावर पडत होती. त्यांनी ती झटकली नाहीत.

"आज सांजच्याला झडती हुईल," ते शेवटी म्हणाले. "पयली माजी. मग बाजीरावची, मानसिंगची, हलरवाल्या दादूची, समद्यांची. रोज हुईल. ते तुला चालंल का?"

"चालंल," बनाबाई म्हणाली. मग ठकुबाईकडं बघून, "ऊठ गं. गेनबाची बैलं तितं वाळल्या पेंढीवर हायेत सकाळपास्नं."

*

हलरवाल्या दादूनं पट्टा चढवला आणि दुपार होण्याआधी घरात पुन्हा सगळे आरडून बोलायला लागले. नाना हलरपाशी जाऊन बसले, गेनबाचं भात भरडून झालं. वहिनीनं दादाला जेवायला वाढलं, पण 'आणखी घालू का' असं विचारलं नाही. दादा म्हणाला, हे त्यातल्या त्यात बरं आहे.

संध्याकाळी हलर थांबला. दादूनं फाटकाच्या आत एक तरट अंथरलं. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं म्हणणं, मालकांच्या अंगावरचा तांदूळ मातीत कशाला पडू द्यायचा.

नाना तरटावर जाऊन उभे राहिले. हात वर केले. म्हाताऱ्या माणसाचे हात वर धरलेले बघायची आम्हाला सवय नव्हती. बाया एका बाजूला रांगेत, दादा, दादू, पोती उचलणारे गडी दुसऱ्या बाजूला. आक्का नेहमीसारख्या कणीचं सूप घेऊन आल्या होत्या आणि खांबापाशी उभ्या होत्या. लीलावहिनी माझ्याजवळ होती.

"ये," नाना मानसिंगला म्हणाले.

मानसिंग पुढे झाला. त्यानं वडलांच्या बंडीवरून हात फिरवला, पण वरवर.

"आशी घ्यायचे का तितं?"

मानसिंगनं मग नीट घेतली. बंडीचे खिसे उलटे केले. धोतराचा सोगा झटकला. नानांनी स्वतः पटका काढून त्याच्या हातात दिला. मानसिंगनं तो उलगडून झाडला, आणि तरटावर तांदूळ पडले. खूप नव्हे, पण पडले. दोऱ्यात अडकलेले, घडीत बसलेले. धोतराच्या सोग्यातूनही पडले.

"घावला," ठकुबाई म्हणाली.

सगळ्यांत आधी हसला तो मानसिंग. त्याला हसताना बघून मग बाकीचे हसले. "गिरणीत बसल्यावर पडणारच," तो म्हणाला, आणि बोलता बोलता थांबला, कारण दिवसभर पाखडणाऱ्या बायांसाठी हेच वाक्य काल फाटकावर कुणीतरी म्हणायला हवं होतं हे त्याला कळलं असावं. त्यानं आपले हात वर केले. दादानं त्याची झडती घेतली आणि त्याच्या पॅंटच्या दुमडीतून चिमूटभर कणी काढून सगळ्यांना दाखवली. मग दादूची झाली, गड्यांची झाली. आता ती झडती राहिलीच नव्हती. जो तो तरटावर उभा राहून आपणच आपल्याला झाडत होता, आणि जिथं हात पोहोचत नव्हता तिथं मागचा झाडत होता. सुटताना असं एकमेकांना झाडायची आमच्या गिरणीतली रीत त्या संध्याकाळची. पुढे मानसिंगच्या पोरांनाही ती पुरली. पाटी मात्र दोन पावसाळ्यांत धुऊन गेली, ती कुणी परत रंगवली नाही.

पण त्या संध्याकाळी अजून बाया राहिल्या होत्या. त्या एकेक करून तरटावर आल्या. ठकुबाईनं बनाबाईची पाठ झाडली, बनाबाईनं तिची. मग माझ्या शेजारून लीलावहिनी निघाली. कुणी बोलावलं नव्हतं. ती जाऊन तरटावर उभी राहिली आणि पदर सावरून म्हणाली, "बनाबाई, माझी बघा."

"तुमी कुठं गिरनीत हुता, वैनी?"

"पोती मोजायला आले होते मघाशी. बघा."

बनाबाईनं तिची पाठ झाडली. दोन-तीनदा, हलक्या हातानं, लेकीची झाडावी तशी. वहिनीनं डोळे मिटले होते. काल जिनं हात लावला, तिला आज हात लावला गेला, आणि फिटलं असं मला वाटलं. दादालाही वाटलं असावं, कारण तो तरट उचलायला वाकला.

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या.

त्या खांबापासून पुढे आल्या होत्या. कणीचं सूप त्यांच्या हातात होतं. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आक्का कुणाच्या हातचं पाणीसुद्धा विचारून घ्यायच्या. कार्तिक महिना, त्यांचे नेम चालू होते. नानांच्या मनात तेच आलं असणार.

"तुजं नगं," ते घाईनं म्हणाले. "तू काय गिरनीत कामाला न्हाईस."

"रोज सांजच्याला हितं येते ती काय देवदर्शनाला?" आक्का म्हणाल्या.

त्यांनी सूप दादूच्या हातात दिलं. तरटावर चढल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि बनाबाईकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

बनाबाईचा हात उठला नाही. ती नानांकडं बघत होती, मग वहिनीकडं, मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार होते? इतक्या वर्षांत तिनं आक्कांना एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं, आणि आक्कांनी तिला कधी पाठीशी उभं राहू दिलं नव्हतं. गिरणी बंद असताना आम्ही इतके गप्प कधीच नसायचो.

"बनाबाई," आक्का पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हात थकला व्हय तुजा?"

बनाबाईनं हात पदराला पुसला. मग तो आक्कांच्या खांद्यावर ठेवला आणि पाठीवरून खाली आणला. एकदाच. तरटावर काही पडलं नाही.

"कायबी न्हाई, आक्का," ती म्हणाली.

आक्का वळल्या नाहीत.

"नीट बघ," त्या म्हणाल्या. "घाई कशाला करतीस?"